इंजिन बदलल्यावर गिअरबॉक्स घरघरतोय? लगेच खोलू नका

घाटमाथा (धागाकर्ता)

पुण्यात जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकणारे बरेच आहेत. इंजिन बसतं, सुरू होतं, आणि कात्रजच्या जुन्या घाटात पहिल्यांदा जोर पडला की गिअरबॉक्स घरघरायला लागतो. गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं, "गिअर गेला, खोलावा लागेल." मग नाना पेठेतून बेअरिंगं येतात, गिअरबॉक्स बांधून चढतो, आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज पुन्हा हजर. मित्राच्या जीपचं असं झालेलं मी जवळून पाहिलंय. बेअरिंगं नवी होती, तरी इनपुट शाफ्टचं (इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग एका बाजूने खाल्लं गेलं होतं.

माझं म्हणणं असं: जो आवाज इंजिन बदलायच्या आधी नव्हता, त्याचं कारण आधी जोडणीत शोधा. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये अडॅप्टर प्लेट असते. क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) मध्य आणि इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत ठेवणं हे तिचं खरं काम. ते बोल्टने होत नाही, डॉवेल पिनने, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या खुंटीने होतं. १० मिमीचा बोल्ट ११ मिमीच्या भोकात टाकला तर बॉक्स अर्धा मिमी कुठेही सरकू शकतो. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या खोक्याच्या) बोअरमध्ये, म्हणजे मधल्या गोल भोकात, डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) फिरवून पाहायची जुनी मर्यादा आहे ०.००५ इंच, म्हणजे साधारण ०.१३ मिमी. काटा दाखवतो त्याच्या निम्मा मध्य सरकलेला असतो, म्हणजे किती कमी चूक चालते बघा.

दुसरी गोष्ट प्लेटच्या जाडीची. तेवढा गिअरबॉक्स मागे जातो. इनपुट शाफ्टचं नाक पायलट बेअरिंगमध्ये (क्रँकच्या मागच्या टोकातल्या छोट्या बेअरिंगमध्ये) पुरेसं शिरतच नाही, किंवा कुणी लांब बुश करून दिला असेल तर नाक आत टेकतं आणि बोल्ट आवळताना सगळा दाब बेअरिंगवर येतो. दोन्ही प्रकारांत गिअरबॉक्स निर्दोष असतो, आणि बिल मात्र त्याचंच होतं.

रेंच_हडपसर

भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण डायल गेज लावायला बॉक्स खाली घ्यावाच लागतो ना? ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारा डबा), प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस मेंबर, सगळं सुटतं. एवढं करून बॉक्स बाकड्यावर आला आणि वरचं कव्हरही काढायचं नाही?

या जीपचे गिअरबॉक्स तीस-चाळीस वर्षांचे असतात. पेट्रोलवर जोर कमी पडायचा म्हणून झिजलेलं काउंटर शाफ्ट (गिअरबॉक्समधला खालचा जोडदांडा) गप्प होतं. डिझेलचा टॉर्क खालच्या आरपीएमलाच येतो, आणि ते बोलायला लागतं. म्हणजे "आधी नव्हता" हा पुरावा कच्चा आहे. नीडल (बेअरिंगचे बारीक रोलर) जिथे फिरतात तिथे शाफ्टवर नख ओढून बघा. नख अडकलं की तो शाफ्ट संपला. अशा शाफ्टवर अडॅप्टर कितीही सरळ बसवा, आवाज राहणार.

घाटमाथा

खोलण्यातही धोका आहे म्हणून मी थांबा म्हणतो. बेअरिंग शाफ्टवर बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलं की सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगवर पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. थ्रस्ट वॉशर न मोजता जुनेच घातले की काउंटर गिअर पुढेमागे खेळतो. चांगला चाललेला बॉक्स असा बिघडतो.

आणि गाडी उचलायच्या आधी कान वापरा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर आहे आणि पेडल दाबल्यावर गेली, तर इनपुट बेअरिंग किंवा काउंटर शाफ्ट. पेडल जरासं दाबल्यावर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं. पूर्ण दाबून, गिअर टाकून उभं असताना किरकिर आली, तर पायलट, कारण तेव्हाच क्रँक फिरतो आणि शाफ्ट थांबलेला असतो. चालत्या गाडीत बाकी गिअरला आवाज आणि टॉपला शांत, तर काउंटर शाफ्टवर संशय घ्या, कारण टॉपला शक्ती सरळ जाते, काउंटरवर भार येत नाही. पण टॉपमधूनच गिअर सुटत असेल तर मध्य चुकलाय का ते पहिलं तपासा.

रेंच_हडपसर

या कानाच्या परीक्षेत तुम्ही ट्रान्सफर केस विसरलात. जुन्या जीपला स्पायसर १८ जातीचा केस असेल तर त्यात हाय रेंजलाही शक्ती दात्यांमधूनच जाते, तो थोडा गातोच. वेग घेऊन क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि गाडी घरंगळू द्या. आवाज चाकांच्या वेगाबरोबर राहिला, तर इंजिनाच्या जोडणीचा त्यात संबंध नाही. उभ्या गाडीत ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकून गिअर फिरवून बघतात तेही ठीक आहे, पण तिथे भार नसतो. भाराशिवाय गप्प बसणारं बेअरिंग मी रोज बघतो. म्हणून म्हणतो, शेवटी डोळ्यांनीच बघावं लागतं.

लेथ_भोसरी

अडॅप्टर प्लेटवर खापर फोडणाऱ्यांनी आमचीही बाजू ऐका. लोक पुठ्ठ्यावर बोल्टची भोकं छापून आणतात आणि म्हणतात, संध्याकाळपर्यंत द्या. पुठ्ठ्यावरून बोल्टची जागा कळते, मध्य कळत नाही. इंजिन आणि बेल हाउसिंग दोन्ही समोर ठेवा. मध्यातला बोअर आणि डॉवेलची भोकं एकाच सेटिंगमध्ये करावी लागतात, आणि दोन्ही फेस समांतर लागतात. जॉब उलटून पुन्हा धरला की अचूकता गेली.

डायल गेजबद्दलही सांगतो. मॅग्नेट बेस फ्लायव्हीलवर लावून गेज बोअरमध्ये फिरवलं की झालं, असं नसतं. गेज फेसवरही फिरवायचं, कारण मध्य बरोबर असूनही बॉक्स तिरपा बसलेला असू शकतो. आणि फेस मोजताना क्रँक एका बाजूला दाबून धरा. क्रँकच्या एंड प्लेमुळे (पुढेमागे खेळामुळे) काटा हलतो आणि तुम्ही प्लेटला दोष देता. आमच्याकडे परत आलेल्या प्लेटपैकी काही अगदी बरोबर निघाल्या. मोजणाऱ्याने क्रँक धरला नव्हता.

कोथरूड_डिझेल

दोघेही बेअरिंगवरच अडलात. आवाज फक्त आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) येतो का, हे कुणी विचारलं? चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ धक्के देतं, आणि डिझेलचा प्रत्येक धक्का पेट्रोलपेक्षा जड. भार नसलेले दाते एकमेकांवर आपटतात, डब्यात सुपारी खुळखुळावी तसा आवाज येतो. आयडल थोडं वाढवलं की कमी होतो, क्लच दाबला की जातो. कारण बहुतेक वेळा क्लच प्लेट असते. पेट्रोलची प्लेट तशीच ठेवली, किंवा मधे स्प्रिंग नसलेली प्लेट टाकली, की धक्के सरळ गिअरबॉक्समध्ये जातात. त्यासाठी बॉक्स खोलणं म्हणजे आजार एकीकडे आणि ऑपरेशन दुसरीकडे.

रेंच_हडपसर

हे मान्य. क्लच प्लेट बघायलाही बॉक्स खाली घ्यावाच लागतो, एवढंच म्हणतो.

मंगळवार_पेठ

एवढी डोकेफोड कशाला? जुन्या बाजारातून दुसरा बॉक्स आणा, चढवा, मोकळे व्हा. बांधणीच्या खर्चात बसतो.

घाटमाथा

आणि मध्य चुकलेला असेल तर तो दुसराही खाल्ला जाईल. शिवाय त्या बॉक्सचा इतिहास कुणाला माहीत? आणायचाच असेल तर इनपुट शाफ्ट हाताने वरखाली हलवून बघा, प्रत्येक गिअर टाकून फिरवा, आणि तेल काढून चुंबक लावा. सोनेरी भुकटी चुंबकाला चिकटत नाही, ती पितळी सिंक्रो रिंगची (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांची) झीज. थोडी असणारच. चुंबकाला चिकटणारे पापुद्रे निघाले तर तो बॉक्स तिथेच सोडून या.

तेल_तपासा

तेलाचं नाव निघालंच आहे तर, आवाज दाबायला जाड तेल भरू नका. काही दिवस बरं वाटतं, थंडीत सकाळी गिअर पडत नाही, आणि झीज आतल्या आत चालूच राहते. पितळी सिंक्रो असलेल्या बॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-४च घाला. जीएल-५ वरचढ म्हणून विकतात, पण ते मुख्यतः डिफरन्शियलच्या हायपॉइड दात्यांसाठी असतं, आणि त्यातली काही गंधकयुक्त रसायनं पितळ खातात.

संगम_पूल

विषयाला सोडून आहे, तरी सांगतो. आरसी बुकात इंजिन बदलाची नोंद आहे का? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ वाचा. मंजुरीशिवाय बदललेलं इंजिन अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी पहिलं बघते.

घाटमाथा

रास्त आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

रेंचभाऊ, तुमच्या मुद्द्यावर परत येतो. बॉक्स खाली आला की वरचं कव्हर काढून दाते आणि शाफ्टचा खेळ बघायला माझी ना नाही. सगळं सुटं करायला आहे. गिऱ्हाइकाला डायल गेजचं रीडिंग दाखवायच्या आधी बेअरिंगची यादी हातात दिली जाते, त्याला माझा विरोध आहे.

रेंच_हडपसर

रीडिंग दाखवायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण नुसतं कव्हर काढून काउंटर शाफ्टचे नीडल दिसत नाहीत. त्यासाठी शाफ्ट बाहेरच काढावा लागतो. माझ्याकडे घरघरणारी जीप आली तर रीडिंग घेईन, ते चुकलेलं निघालं तर डॉवेल बदलून घेईन, आणि तरीही शाफ्ट काढून नख लावून बघेन. परत बॉक्स उतरवायची मजुरी गिऱ्हाइकाकडे मागायला मला जमत नाही.

लेथ_भोसरी

रीडिंग चुकलेलं निघालं तर भोक गोल कानशीने मोठं करून बॉक्स सरकवू नका. ऑफसेट डॉवेल, म्हणजे मध्य थोडा बाजूला असलेल्या पिना, करून मिळतात. सरकला किती आणि कोणत्या बाजूला, हे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बारा, तीन, सहा, नऊवर लिहून आणा, आणि बेल हाउसिंग सोबत घेऊन या.