‘वतन’ला मराठीत काय लिहावं?

कॅम्पकर: शेजारच्या इराणी बाईंचा गुजराती लेख मराठीत करतेय. त्यांचे आजोबा इराणातल्या यझ्दहून पुण्यात आले. लेख २०२२चा. महसा अमिनी इराणात पोलिसांच्या ताब्यात असताना वारली आणि पोरी ‘ज़न, ज़िंदगी, आज़ादी’ (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) म्हणत रस्त्यावर आल्या, तेव्हाचा. बाई लिहितात, ‘वतन पेटलं. आनंद झाला आणि झोप उडाली.’ संपादकांनी वतन खोडून ‘पितृभूमी’ केलं. बाई बिथरल्या. म्हणाल्या, ‘पणजोबा झरथुष्ट्री, म्हणून त्यांच्याकडून जिझिया घ्यायचे, वर गबर म्हणून हिणवायचे. त्या भूमीला बाप म्हणू?’ तरी तिकडची बातमी लागली की त्या टीव्हीसमोरून उठत नाहीत. दुसरा शब्द आहे का?

सासवडकर: वतन नकोच. आपल्याकडे वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण. लोकांना वाटेल बाईंची इनाम जमीन जळाली. सरळ ‘मायदेश’ लिहा.

भीमथडी: दादा, वतनाचा अर्थ घरोघरी तोच नाही. आमच्या आज्याच्या तोंडी वतन म्हणजे महारवतन. हाक आली की जेवणावरून उठून पळायचं, बदल्यात जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं. गाव सुटलं तरी आज्याला पेपरात आधी गावाचीच बातमी लागायची. जागा आपली, पण तिथं मान नाही, हे मराठी ‘वतना’त आधीपासून आहे. ताई, ठेवा तो शब्द.

सदाशिव: शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय हवेत म्हणून. ‘मूलभूमी’ लिहा.

भीमथडी: ‘मूलभूमी पेटली’ असं कोणतं माणूस बोलतं?

फारसीप्रेमी: सदाशिवराव, वतन मूळचा अरबी. अस्सल फारसी शब्द ‘मीहन’. मला तर आपलं ‘माहेर’ त्याचंच भावंड वाटतं.

सदाशिव: छे! माहेर मातृगृहावरून आलं.

सूनबाई: व्युत्पत्ती राहू द्या, पण माहेर बरोबर बसतं. माहेरी भांडण पेटलं की बाईला असंच होतं. ज्याला बोलायला हवं होतं त्याला कुणीतरी बोललं म्हणून बरं वाटतं, आणि कुणाला लागलं तर नसेल ना म्हणून जीव टांगणीला.

कॅम्पकर: सूनबाई, माहेरी परत जाता येतं. बाईंनी यझ्द पाहिलंच नाही. आणि मथळ्यात संपादकांना ‘संमिश्र भावना’ हवं आहे, तेही मला खुपतंय. ‘घालमेल’ कसं?

सासवडकर: हिशेबातली लबाडी म्हणजेही घालमेल. ‘कालवाकालव’ करा.

भीमथडी: ‘जिवाची घालमेल’ लिहिलं की कुणी हिशेब आठवणार नाही. आणि वतनाचं काय ठरलं?

सदाशिव: वतन नाहीच. निदान ‘मिरास’ तरी म्हणा, म्हणजे वडिलोपार्जित हक्क, शिवकालीन पत्रांत पानोपानी आहे.

फारसीप्रेमी: मिरासही अरबीच!