मंजूर नकाशा हातात आहे, तरी वर्किंग ड्रॉइंगला वेगळे पैसे घालायचे का?

जुळेसोलापूर_३०बाय४०
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात ३० बाय ४० चा प्लॉट आहे, खाली-वर दोन मजले बांधायचेत. महापालिकेचा मंजूर नकाशा हातात आला. आता इंजिनिअर म्हणतात हा फक्त परवानगीचा कागद, कामासाठी वर्किंग ड्रॉइंग, आरसीसीचं, लाइट-पाण्याचं वेगळं काढावं लागेल आणि त्याची फी वेगळी. तिकडं आमचे मिस्त्री, चाळीस वर्षं ह्याच कामात, ते म्हणतात मालक तुम्ही नुसती रूमची मापं सांगा, उद्या जमिनीवर चुन्याची फक्की मारून आखणी करून देतो, कागदाला कशाला पैसे घालता. वडिलांचंही तेच. बाळीवेशीतलं आपलं माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं घर काय कुणी कागदावर काढून बांधलं होतं का, म्हणतात. मिस्त्रींवर विश्वास आहे ओ, तो प्रश्नच नाही, पण कर्ज काढून बांधतोय, चूक परवडणार नाही. ज्यांनी बांधलंय त्यांनी सांगा.

ट्रेसिंगवाली_ताई
दादा, मी २४ वर्षं ड्राफ्टिंग करते, सुरुवात ट्रेसिंग पेपरवर झाली, रेघ चुकली की ब्लेडनं हळूच खरवडायची आणि कागद फाटला की सगळं परत, त्यामुळं रेघेची किंमत मला माहितीय. मंजूर नकाशा सांगतो की घर किती मोठं, चारी बाजूंनी किती जागा सोडली, कुठली खोली कुठं. ते कसं बांधायचं ते त्यात नसतंच. साधी गोष्ट बघा, तुम्ही मिस्त्रींना सांगणार बेडरूम १० बाय १२. ते माप भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरलं आणि भिंत ९ इंची असली तर आतून उरतात ९ फूट ३ इंच, दोन्हीकडं अर्धा-अर्धा इंच गिलावा धरला की ९ फूट २ इंच. आणि तुम्ही कपाट १० फुटाचं ऑर्डर केलेलं असतं! वर्किंग ड्रॉइंगमध्ये हे माप कुठून कुठं ते बाण काढून लिहिलेलं असतं.
आणि सेक्शन मागून घ्याच घ्या. सेक्शन म्हणजे घर सुरीनं उभं कापल्यासारखं चित्र. गॅलरी भिंतीबाहेर लोंबती असते ना, तिचं मेन स्टील, म्हणजे मुख्य सळई, स्लॅबच्या वरच्या बाजूला पाहिजे, कारण ताण वर येतो. नेहमीच्या स्लॅबला ते मधल्या भागात खाली असतं, त्या सवयीनं कुणी गॅलरीलाही खाली बांधलं किंवा माल ओतताना पायानं दाबून खाली गेलं तर सेंट्रिंग, म्हणजे खालचा फळ्या-टेकूंचा आधार, काढल्यावर गॅलरी खाली येऊ शकते. नुसत्या प्लॅनमध्ये हे दिसतच नाही, आणि काँक्रीट पडल्यावर तर कुणालाच दिसत नाही.

होटगीरोडकर
आमची चूक सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. आम्ही ड्रॉइंग न काढता बांधलं, मध्ये वळणाऱ्या जिन्याला अंदाजानं ८ फूट लांबी सोडली. मजल्याची उंची १० फूट म्हणजे १२० इंच. ३ फूट लँडिंगला, म्हणजे वळणावरच्या सपाट जागेला गेले, उरले ५ फूट, त्यात १० इंची सहा पायऱ्या बसल्या, म्हणजे लँडिंगवर चढायचा धरून एका बाजूला सात चढ, दोन्ही बाजू मिळून चौदा. १२० भागिले १४ करा, एका पायरीची उंची साडेआठ इंचाच्या वर येतंय. आईचे गुडघे दुखतात, ती वरच्या मजल्यावर यायचीच बंद झाली, नातवाला भेटायचं तर तो खाली येतो. सात इंचाच्या आत चढ पाहिजे होता तर अठरा चढ लागले असते आणि लांबी पावणेदहा फुटाच्या आसपास. हे गणित पेन्सिलीनं दहा मिनिटांत झालं असतं ओ. आता जिना तोडायचा म्हणजे स्लॅबला हात लावायचा.

गवंड्याचा_मुलगा
वरचं सगळं पटतंय, पण मिस्त्रींना कमी लेखू नका कुणी. माझे वडील गवंडी होते, जिना करायच्या आधी शेजारच्या भिंतीवर गेरू आणि दोरीनं पूर्ण मापाचा जिना काढायचे, एकेक पायरी, मग मालकाला बोलवून म्हणायचे बघा पाय कुठं पडतोय. ते पण ड्रॉइंगच की, फक्त कागदाऐवजी भिंतीवर.
तुमच्या वडिलांचा मुद्दा पण बरोबर आहे. माळवदाचं घर खणावर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेवर मोजायचे, लाकडाची लांबी ठरलेली, भिंत किती जाड ते ठरलेलं, गावातल्या प्रत्येक गवंड्याला तेच येत होतं म्हणून कागद लागला नाही. पण जिथं काम नेहमीसारखं नव्हतं तिथं जुन्या लोकांनीही काढलंयच. भोपाळजवळ भोजपूरला राजा भोजाचं ११ व्या शतकातलं शिवमंदिर आहे, अर्धवट राहिलेलं, तिथं आजूबाजूच्या खडकावरच खांबांची, शिखराची रेखाटनं कोरलेली आहेत. मी वाकून वाकून बघितली, रेघा अजून दिसतात, अंगावर काटा आला.
एक करा. ड्रॉइंग आलं की इंजिनिअर, मिस्त्री आणि तुम्ही तिघं एकदा साइटवर बसा. मापं मिलिमीटरमध्ये असतील तर शेजारी फूट-इंच लिहून घ्या, मिस्त्री टेपवर तेच बघतात. पट्टी लावून कधीच मोजू नका, झेरॉक्समध्ये कागद लहान-मोठा होतो, लिहिलेला आकडाच धरा. आणि बदल झाला की जुनी प्रिंट साइटवरून उचला, आमच्या एका कामावर सेंट्रिंगवाल्याकडं जुनी आणि सळई बांधणाऱ्या बारवाल्याकडं नवी प्रिंट होती, दोन कॉलम सरकले.

ट्रेसिंगवाली_ताई
हे शेवटचं अगदी खरं. अजून एक, आपल्याकडं काळी माती, पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा आधी खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघा आणि मगच फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या पायाचं ड्रॉइंग फायनल करून घ्या. शेजाऱ्याच्या फुटिंगची खोली कॉपी करू नका.

जुळेसोलापूर_३०बाय४०
सगळ्यांचे मनापासून आभार. होटगीरोडकरांचं वाचून आमच्या मंजूर नकाशावर जिना मोजला, लांबी साडेआठ फूटच लिहिलीय. वडिलांना दाखवलं तर ते काही बोलले नाहीत, टेप घेऊन बाळीवेशीतल्या घराच्या जिन्याचा चढ मोजून आले. रविवारी मिस्त्री आणि इंजिनिअर दोघांना प्लॉटवर बोलावलंय, गेरू मीच नेतोय.