"नियंत्रण सुटलं" म्हणून मोकळं होऊ नका, ट्रॉलीमागं रेडियम होतं का ते विचारा

काळीमाती:
काल इथं एकानं लिहिलं, "ऊसट्रॉलीवर गाडी आदळली की सरकारला शिव्या. लोकांनाच शिस्त नाही. हळू चालवा, प्रश्न मिटला." वाचून राहवलं नाही. डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली असताना, समोरचं जेमतेम ५०-६० मीटर दिसतं. ताशी ८० च्या वेगात थांबायला १२० मीटर लागतात. रस्ता आखताना इंजिनिअर हाच आकडा धरतात. तिथं अंधारात डबल ट्रॉली उभी, मागचा बल्ब गेलेला, फाळक्यावर, म्हणजे मागच्या पत्र्यावर, रेडियमची चमकती पट्टी नाही. मग बेशिस्त कुणाची? मोटार वाहन नियम १०४ प्रमाणं ट्रेलरलासुद्धा मागं दोन्ही बाजूंना लाल परावर्तक लागतात. त्यासाठी पोलिसांनी रानोमाळ हिंडायची गरज नाही. प्रत्येक ट्रॉली साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. पट्टी नाही तर ऊस उतरवायचा नंबर नाही, एवढं केनयार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या थांबतात त्या आवारात, ठरवा.

टायरजोडी:
भरलेली गाडी अडवली की ऊस वाळतो, वजन घटतं. नुकसान शेतकऱ्याचं, आणि भाडं टनावर असल्यानं वाहतूकदाराचंही. बरं, पट्टी चिकटवली तरी दिसणार कुठं? ऊस फाळक्याच्या बाहेर हातभर लोंबतो, पट्टी त्याच्याआड जाते. गंजक्या, धुळकट पत्र्यावर ती टिकतही नाही. बैलांच्या टायरगाडीला तर बॅटरीच नसते. दरवेळी गरिबालाच कामून धरता?

काळीमाती:
भरलेली गाडी अडवू नये, हे तुमचं बरोबर. मग रिकामी होऊन गेटबाहेर पडताना तपासा. पत्रा घासायचा, थिनरनं पुसायचा, वाळू द्यायचा आणि मग पट्टी कापडानं दाबून बसवायची. लोंबणाऱ्या उसासाठी वेगळी पाटी करा: पत्र्याचा तुकडा, त्यावर लाल रेडियम, वर दोन भोकं. दोरीनं सगळ्यात मागच्या मोळीला बांधायची, काट्यावर सोडायची, रिकाम्या गाडीतून परत न्यायची. टायरगाडीलाही हीच पाटी चालते. आणि गरिबाला मीच धरतोय म्हणू नका. टायरगाडीवर मागून ट्रक आदळला तर मरतो तो गाडीवानच आणि त्याची बैलं.

गोदाकाठ:
तुमचंच गणित पुढं न्या. ताशी ५० ला थांबायला ६० मीटर लागतात. म्हणजे डिपरच्या उजेडात गाडी जवळपास थांबते. मग मूळ लिहिणारा चुकला कुठं? रेडियम लावा, पण वेगाला माफी देऊ नका.

काळीमाती:
५० चं गणित मान्य करावं लागतंय. पण समोरून अप्पर मारत, म्हणजे झोत वर ठेवून, ट्रक आला की ते ६० मीटरही दिसत नाहीत.

सिमेंटकडा:
सगळे ट्रॉलीच्या मागं लागलेत. ती काँक्रीटवर उभी का राहते, हे कुणी विचारणार का? खाली उतरायला साईडपट्टीच, म्हणजे रस्त्यालगतची मुरमाची पट्टी, नाही! काँक्रीट वर, बाजूची जमीन वीतभर खाली. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मग तिच्यावरचा मुरूम खचतो. मुरूम थरथरानं टाकून, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरवावा लागतो. इथं डंपर रिकामा करून फावड्यानं पसरतात, पहिल्याच मोठ्या पावसात तो नाल्यात. दुचाकीचं चाक त्या कडेवरून खाली गेलं की माणूस हँडल ओढून वर यायला बघतो. टायर कडेला घासत राहतो, मग एकदम वर चढतो आणि गाडी थेट समोरच्या लेनमध्ये जाते. पेपरात काय छापून येतं? "नियंत्रण सुटलं." कडेला काटकोन न ठेवता उतार दिला तरी चाक सावकाश वर येतं. सदोष रस्त्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं तर ठेकेदाराला आणि खात्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली एक लाखापर्यंत दंड आहे. ते कलम लावायची मागणी करा आधी.

टायरजोडी:
हे खरं बोललात. पंक्चर ट्रॉली कच्च्यात उतरवली तर उलटते. म्हणून रस्त्यावरच चाकाला दगड लावतात.

सिमेंटकडा:
आणि निघताना ते दगड तिथंच सोडतात. त्याला माझी साईडपट्टी जबाबदार नाही. लाकडी ओंडका दोरीनं ट्रॉलीलाच बांधून ठेवा, तो मागं राहत नाही.

बालाघाट:
पट्टी, मुरूम, दगड! अरे, हुकूम कुणी द्यायचा? केंद्राचा सुधारित मोटार वाहन कायदा १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाला. आपल्याकडं विधानसभा तोंडावर होती, वाढीव दंड थांबले, ते डिसेंबर २०२१ मध्ये आले. व्हिएतनामनं १५ डिसेंबर २००७ ही एक तारीख ठरवली, त्या दिवसापासून सगळ्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं केलं आणि लोकांनी ते घातलं. तेही आपल्यासारखंच दुचाकींचं राष्ट्र. बीड जिल्ह्यानं गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत आणि विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ ला द्रुतगती मार्गावर अपघातात गमावले. तरी मागच्या सीटवर पट्टा लावायची सक्ती कुण्या नेत्यानं स्वतःच्या ताफ्यापासून सुरू केली? गाळप परवाना साखर आयुक्तालय देतं. त्यात पाटीची अट एका सहीनं घालता येते.

गोदाकाठ:
सही झाली तरी रात्री दोनला गेटवर पाहणार कोण? जादा वजनाला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड कायद्यात आहेच. वजन तर कारखान्याच्या काट्यावर रोज नोंदलं जातं. पावती असून कारवाई नाही!

बालाघाट:
म्हणूनच म्हणतो, पुरावा गेटवरच आहे. आरटीओनं हंगामात आठवड्याला एकदा काट्याची वही मागवावी.

टायरजोडी:
वही मागवाल तर आधी टनाचा दर वाढवा. या दरात कमी भरून डिझेलही सुटत नाही. पाटी लावू, ठीक. पण ती कारखान्यानं द्यावी, वाहतूक बिलातून कापू नये.

काळीमाती:
पाटी कारखान्याची, मान्य. मागच्या ट्रॉलीच्या दिव्याची वायर मात्र तुम्ही जोडायची, आणि गेटबाहेर पडण्याआधी ब्रेक दाबून दिवा लागतो का ते मागं कुणाला तरी उभं करून बघायचं.