पाच लाखांची रोड बाइक: तयार घ्यावी की सुटे भाग जमवून बांधावी?

दादरकर

मुंबईत राहणाऱ्याने रोड बाइकवर पाच लाखांच्या आसपास खर्च करायचे ठरवले असेल, तर त्याने तयार बाइक घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. फ्रेमसेट (फ्रेम आणि पुढचा फोर्क) निवडावा, ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) वेगळा घ्यावा, चाके बांधून घ्यावीत.

कारण आपली हवा. जून ते सप्टेंबर पाऊस, एरवी खारा वारा, आणि बारा महिने हँडलवरून हेडसेटवर (हँडल जिथे फ्रेममध्ये फिरते तिथल्या बेअरिंगवर) गळणारा घाम. वरच्या किमतीच्या बहुतेक बाइकमध्ये आता ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) हँडल आणि स्टेममधून (हँडल धरणाऱ्या तुकड्यातून) जाऊन हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये उतरतात. दिसते फार देखणे. पण ते बेअरिंग गंजले की बदलण्यासाठी होज सोडायचे, पुन्हा जोडायचे, ब्रेक ब्लीड करायचे, म्हणजे नळ्यांतली हवा काढायची. साध्या हेडसेटमध्ये हेच काम तासाभरात उरकते. कोरड्या हवेच्या गावी हा प्रसंग क्वचित येतो. वरळी-वर्सोव्याच्या माणसाने तो दर पावसाळ्यानंतर गृहीत धरावा.

बाइक स्वतः बांधली की होज बाहेरून येणारी, थ्रेडेड बॉटम ब्रॅकेटची (क्रँकचे, म्हणजे पेडलच्या दांड्यांचे बेअरिंग आट्यांनी बसते ती), 32 मिमी टायर बसणारी फ्रेम निवडता येते. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यांवरून रोज जाणाऱ्याला यातले काहीही चैनीचे नाही.

ठाणे_येऊर

हेडसेटचे पटले. पण पैशांबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे.

सायकल कंपनी शिमानो किंवा स्रॅमकडून ग्रुपसेट घाऊक उचलते. तो भाव तुम्हा-आम्हाला कोणी देणार नाही. एखाद्या तयार बाइकचे सगळे भाग सुटे धरून बेरीज करून बघा. फ्रेमसेट, शिमानोचा अल्टेग्रा ग्रुपसेट, कार्बन चाके, हँडल, सॅडल इथपर्यंतच बिल तयार बाइकच्या पुढे जाते. मग रोटर, अ‍ॅक्सल, टायर, सीलंट, बार टेप आणि जोडणीची मजुरी. करात सुटका होईल म्हणाल तर तेही नाही: 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला तो सायकलींवर आणि त्यांच्या भागांवर, दोन्हींवर.

बांधणाऱ्याचे जे जास्तीचे पैसे जातात, त्यात तयार बाइकवाला कितीतरी वर्षे बेअरिंग बदलून घेईल, ब्लीडसकट.

वसईची_रायडर

ठाणे_येऊर, तुमची बेरीज तुमच्या मापाच्या माणसासाठी बरोबर आहे. माझी उंची पाच फूट दोन इंच. सर्वांत लहान मापाच्या तयार बाइकवरही पुष्कळदा 170 मिमीचा क्रँक आणि माझ्या खांद्यांपेक्षा रुंद हँडल येते. क्रँक वर येताना गुडघा छातीकडे ढकलला जातो, कंबर डोलायला लागते. वसईहून भल्या पहाटे निघून मरीन ड्राइव्ह गाठेपर्यंत पाठ बोलू लागते.

लहान क्रँकची मागणी म्हणजे फाजील लाड नव्हेत. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोगाचारने 2024 च्या मोसमात 165 मिमीचा क्रँक वापरला, आणि तो माझ्यापेक्षा चांगलाच उंच आहे.

आता तयार बाइकवर हे बदलायचे तर काय होते बघा. पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारे यंत्र) क्रँकमध्येच असेल तर तोही जातो. हँडल आणि स्टेम एकसंध असेल तर लांबी एक सेंटीमीटरने कमी करायला अख्खा तुकडा नवा घ्यावा लागतो, आणि होज पुन्हा ओवावे लागतात. घाऊक भावाची बचत इथेच संपते. वापरात न आलेले भाग घरात पडून राहतात ते वेगळेच.

ठाणे_येऊर

ताई, अडचण खरी आहे, पण त्यासाठी अख्खी बाइक बांधायची गरज नाही. पैसे देण्याआधी फिट (अंगाच्या मापाने बाइकची तपासणी) करून घ्या आणि दुकानदाराला सांगा, हा क्रँक आणि हे हँडल बदलून द्या, फरक घ्या. ज्याला पाच लाखांची वस्तू विकायची आहे तो हे करतो. बाइक घरी आल्यावर मात्र कोणी दाद देत नाही.

आणि वॉरंटीचे काय? ट्रेक, स्पेशलाइज्ड, जायंट यांच्या फ्रेमला पहिल्या मालकासाठी आजीवन वॉरंटी असते आणि तयार बाइकबद्दल बोलायला एकच दुकान असते. बांधलेल्या बाइकमध्ये बॉटम ब्रॅकेट करकरू लागला की फ्रेमवाला म्हणतो बेअरिंग बघा, बेअरिंगवाला म्हणतो फ्रेमचे माप बघा, आणि जोडणारा म्हणतो दोन्ही माल तुम्हीच आणलात.

काळबादेवी_पाना

मी दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे दोन्ही जातींच्या बाइक स्टँडवर चढतात.

दादरकर, थ्रेडेड बॉटम ब्रॅकेटसाठी बाइक बांधायलाच हवी हे आता खरे राहिलेले नाही. स्पेशलाइज्डची टारमॅक एसएल7 2020 मध्ये आली ती थ्रेडेड घेऊनच, आणि ट्रेकने टी47 हा थ्रेडेडचाच प्रकार धरला. त्या टारमॅकमध्ये 32 चा टायरही बसतो. तुमच्या तीन मागण्यांपैकी दोन शोरूममध्ये उभ्या आहेत. तिसरी, होज बाहेर, ती मात्र वरच्या मॉडेलमध्ये शोधून सापडत नाही.

लोक फ्रेमवर इतके भांडतात आणि ब्रेकच्या तेलाबद्दल कोणी विचारत नाही. स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट तेल असते, आणि ते हवेतली ओल ओढून घेते. शिमानोचे मिनरल ऑइल तसे ओढत नाही. मुंबईच्या दमट हवेत डॉटवाल्याने तेल ठरल्या वेळी बदललेच पाहिजे, नाहीतर घाटाच्या लांब उतारावर लिव्हर मऊ पडतो. बाइक तयार असो की बांधलेली, हा निर्णय ग्रुपसेटबरोबरच होऊन जातो.

बांधणाऱ्यांना एक कळकळीचे सांगणे. भाग मागवण्याआधी जो जोडणार आहे त्याला यादी दाखवा. ऑनलाइन सवलत दिसली म्हणून चाक घेतात आणि फ्रीहब (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) निघतो शिमानोचा. हातात स्रॅमची दहा दातांपासून सुरू होणारी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच), तिला एक्सडीआर नावाची वेगळी फ्रीहब बॉडी लागते. मग बॉडी येईपर्यंत फ्रेम माझ्याकडे खिळ्याला टांगलेली. दोन दुकानांच्या फेऱ्या आणि कुरिअरचा खर्च धरला की ती सवलत गेलेली असते.

लांब_पल्ला_मुलुंड

मी टायटॅनियमच्या बाजूने बोलणार. ब्रेवेमध्ये (ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 600 ला चाळीस. कसाऱ्याच्या वाटेवर रात्री पाऊस लागला की रेसिंग कार्बन फ्रेमचा हलकेपणा कामाला येत नाही, मडगार्ड येते. आणि त्या फ्रेमांना मडगार्ड लावायला छिद्रेच नसतात.

मापाने बनवून घेतलेली टायटॅनियम फ्रेम गंजत नाही, रंग उडायची भीती नाही, लोकलच्या लगेज डब्यात टोपल्या-गाठोड्यांना घासली तरी छातीत धस्स होत नाही. चाके डीटी स्विसच्या 350 हबवर साध्या वाकड्या डोक्याच्या आऱ्यांनी बांधलेली. आरा तुटला तर नाशिकलाही कोणीतरी बसवून देतो. एकाच कंपनीच्या खास आऱ्यांवर चालणारे कार्बन चाक घेऊन इगतपुरीत उभे राहून बघा, मग किमतीची बेरीज निराळी दिसेल.

ठाणे_येऊर

मुलुंडकर, ब्रेवेसाठी तुमचे शंभर टक्के मान्य. पण इथे विचारणाऱ्यांपैकी बरेच जण रविवारी येऊर नाहीतर खारघर हिल करतात, वर्षातून एक-दोनदा जुन्या हायवेने बोरघाट चढतात. त्यांनी मापाच्या फ्रेमसाठी काही महिने थांबायचे, चालवून न बघता आगाऊ रक्कम द्यायची, आणि पहिल्याच बाइकवर स्वतःचे माप ठरवायचे? पहिल्या वर्षात शरीर बदलते, कंबर लवचिक होते, हँडल खाली येते. तेव्हाचे माप घेऊन बनवलेली फ्रेम तिसऱ्या वर्षी तुमची राहत नाही.

शिवाय विकायची वेळ आली तर नावाच्या तयार बाइकला गिऱ्हाईक मिळते. बांधलेली बाइक बहुतेकदा सुटी करूनच विकावी लागते.

दादरकर

पहिल्या बाइकचा मुद्दा मी मानतो. ज्याला आपले माप माहीत नाही त्याने पाच लाख खर्चूच नयेत, तयार बाइकवरही नाही. आधी दीड लाखाची अ‍ॅल्युमिनियम घ्यावी, दोन पावसाळे काढावेत. मी बोलतोय तो त्याच्या पुढच्या माणसाबद्दल, ज्याला स्टेम किती लांब हवा हे पाठ आहे. त्याला कंपनीने ठरवलेले हँडल घ्यायला लावून वर बदलीचे पैसे मागणे मला अन्यायाचे वाटते.

वॉरंटीच्या टोलवाटोलवीला उपाय आहे. फ्रेम आणि बॉटम ब्रॅकेट एकाच दुकानातून घ्या, जोडणीही तिथेच करा, आणि बिलावर तसे लिहून घ्या. ग्रुपसेट कुठूनही आणा. करकर झाली तर बोट दाखवायला दुसरा कोणी उरत नाही.

वसईची_रायडर

ठाणे_येऊर, तुमच्या सांगण्यावरून दोन दुकानांत विचारले. एकाने क्रँक बदलून द्यायची तयारी दाखवली, एकसंध हँडलला हात लावायला नकार दिला. दुसऱ्याने दोन्ही कबूल केले, पण फरकाचा आकडा ऐकून मी घरी येऊन बांधायच्या बाइकची यादी पुन्हा काढली. अंतर आता बरेच कमी दिसते आहे. काळबादेवी_पाना, यादी व्यक्तिगत निरोपातून पाठवते. चाके स्वस्तात मिळताहेत, पण तुम्ही फ्रीहब बघितल्याशिवाय पैसे भरणार नाही.