आल्टो सॅक्सोफोन: ओठ लवकर थकतात, काय करावं?

प्रश्न: १५ मिनिटांत ओठांच्या कोपऱ्यांतून हवा सुटते, वरचे सूर चढतात, खालच्या ओठाला आतून दातांचे वळ पडतात. रीड (माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर बसवलेली, कंपणारी पातळ पट्टी) अडीच नंबरची आहे. ताकद कशी वाढवू?

प्रतिसाद १: वळ पडतात म्हणजे तुम्ही जबड्याने चावताय. त्याने रीड आणि माउथपीसच्या टोकामधली फट कमी होते, कंपन आखडतं आणि सूर चढतो. वरचे दात माउथपीसवर टेकवा, खालचा ओठ दातांवर थोडासाच घ्या आणि कोपरे आत घ्या, ‘ऊ’ म्हणताना येतात तसे. हसल्यासारखे बाजूला ताणू नका. मग नुसतं माउथपीस फुंकून पाहा: ट्यूनरवर (सुराची उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) ए हा सूर, म्हणजे ८८० हर्ट्झच्या आसपास यायला हवा. बराच वर गेला तर चावणं अजून सुटलेलं नाही.

प्रतिसाद २: वरच्या मुद्द्याशी सहमत. आता रोज लाँग टोन, म्हणजे लांबवलेले सूर, करा. मधल्या जीपासून एकेक सूर खाली उतरत जा. प्रत्येक सूर ८-१० सेकंद: अगदी हळू सुरुवात, मग मोठा, पुन्हा हळू. ट्यूनरचा काटा हलता कामा नये. कोपरे सुटले की लगेच थांबा. थकलेल्या ओठांनी रेटलंत की जबडा मदतीला धावतो आणि चावायची सवय पक्की होते. १० मिनिटं दोनदा, हे सलग अर्ध्या तासापेक्षा चांगलं.

प्रतिसाद ३: ताकद येईपर्यंत दोन नंबरची, म्हणजे जरा मऊ रीड लावा. पुढे ओव्हरटोन, म्हणजे त्याच बोटांवर निघणारे वरचे सूर: खालच्या बी फ्लॅटची बोटं तशीच धरून वरचा बी फ्लॅट, मग त्यावरचा एफ काढा. ओठ आवळून नाही, जिभेचा मागचा भाग उचलून.