चित्रपट, पुरस्कार आणि ‘आस्था’ : हा शब्द मराठीत चालेल का?

चित्ररसिक :
आमच्या चित्रपट मंडळाच्या येत्या सत्रात तीन मराठी चित्रपट दाखवायचे ठरले आहे : प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६), आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) आणि उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११). तिन्ही चित्रपट नावाजलेले आहेत आणि माणूस देवाशी कसा वागतो, हा तिन्हींचा गाभा आहे. म्हणून माहितीपत्रकासाठी मी ‘चित्रपट, पुरस्कार आणि आस्था’ असे शीर्षक दिले. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘आस्था’ खोडून तिथे ‘श्रद्धा’ लिहिले आणि समासात शेरा मारला की, “आस्था म्हणजे आपुलकीची काळजी. देवावरची ‘आस्था’ हिंदीत असते.”

त्यांचे म्हणणे मला कळते. ‘शेजाऱ्यांनी आस्थेने चौकशी केली’ असेच आपण बोलत आलो आहोत. तरीही ‘श्रद्धा’ लिहायला माझा हात धजत नाही, कारण ‘संत तुकाराम’मधली जिजाई त्या शब्दात मावत नाही. मुलाच्या दुखण्याने कावलेली जिजाई देवळात शिरते आणि विठोबावर वहाण उगारते. तिला कोणी ‘श्रद्धाळू’ म्हणणार नाही, पण ती अश्रद्धही नाही, कारण जो नाहीच त्याच्यावर कोणी वहाण उगारत नसते. तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेतील गौरी, या दोघांच्या नात्याला एकत्र कवेत घेईल असा शब्द मला हवा आहे. ‘आस्था’ ठेवावा का? नाही तर दुसरा कोणता घ्यावा?

मूळाक्षर :
तुमच्या ज्येष्ठ सदस्यांशी मी पूर्णपणे सहमत आहे. गेल्या काही वर्षांत वृत्तवाहिन्यांवरून ‘आस्थेचा विषय’, ‘करोडो लोकांची आस्था’ असे प्रयोग मराठीत शिरले आहेत आणि त्यांच्याबरोबर ‘करोड’ही शिरला आहे. प्रश्न एका शब्दाचा असता तर मी इतक्या तळमळीने लिहिले नसते. ‘आस्था’ला मराठीत एक नेमका, सुंदर अर्थ आहे, आणि दुसरा अर्थ वर येऊन बसला की पहिला पुसला जातो. ‘आस्थेवाईक’ हा शब्द आज किती तरुणांना कळतो, हे विचारून पाहा. जो मुलगा ‘आस्था’ म्हणजे देवभक्ती असे शिकून मोठा होईल, तो ‘आस्थेवाईक डॉक्टर’ वाचून ते डॉक्टर फार देवदेव करणारे असावेत, असे समजेल.

वऱ्हाडी वाचक :
‘हिंदीतून आला’ हा आरोप इतक्या सहज करता येणार नाही. शब्द संस्कृत आहे आणि संस्कृत कोशांत ‘आदर, काळजी’ आणि ‘भरवसा’ हे दोन्ही अर्थ आढळतात. त्यातला एक मराठीने जवळ केला, दुसरा हिंदीने. आमच्याकडे विदर्भात घरात मराठी आणि बाजारात हिंदी असा रिवाज पूर्वापार चालत आला आहे, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच तोंडात सुखाने नांदतात. माझी आजी ‘त्याची देवावर लय आस्था आहे’ असे म्हणत असे आणि तिच्या घरात दूरचित्रवाणी संच नव्हता. पुण्यामुंबईकडे जो अर्थ रुळला तेवढाच मराठी, हे मला मान्य नाही.

मूळाक्षर :
आजीचे बोलणे मी खोटे ठरवत नाही. पण बोलीत चालणारा प्रत्येक प्रयोग प्रमाणलेखनात घ्यायचा का, हा वेगळा प्रश्न आहे. माहितीपत्रक छापील असते. ते वाचणाऱ्या मराठी वाचकाच्या मनात ‘आस्था’ म्हटल्यावर जो पहिला अर्थ उमटेल, तो धरूनच लिहायला हवे.

वसईकर :
आमच्या ख्रिस्ती घरातला अनुभव सांगते. मराठी बायबलात यासाठी ‘विश्वास’ हा शब्द आहे. ‘विश्वास, आशा, प्रीती’ ही तिन्ही टिकणारी आहेत, हे पौलाचे वचन आम्ही लहानपणी पाठ केले. त्यामुळे आमच्या कानाला ‘श्रद्धा’ हा शेजारच्या आळीतला शब्द वाटतो आणि शेजारच्या आळीतल्या मैत्रिणींना ‘माझा देवावर विश्वास आहे’ हे वाक्य देवाशी काही व्यवहार ठरल्यासारखे वाटते.

या चर्चेत हे सांगण्याचे कारण आहे. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची ओढ लागली ती १९१० मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनात श्रीकृष्ण आणि रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहात होती, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. म्हणजे आपल्याकडच्या चित्रपटाचा उगमच एकाच्या देवाकडे पाहताना दुसऱ्याला आपला देव आठवण्यात आहे. चित्ररसिक यांना एका धर्माच्या वळचणीला न बसणारा शब्द हवा असेल, तर ‘विश्वास’चा विचार जरूर करावा.

अनुवादिका :
वसईकरताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्याला जोडून मला आणखी एक शब्द पुढे ठेवायचा आहे. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दोन : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. वारकरी भक्तीचा मराठीतला सर्वात गाजलेला चित्रपट घडवणाऱ्या या जोडीतले एक जण मुसलमान होते. त्यांच्या परंपरेत या भावनेला ‘ईमान’ म्हणतात. हाच शब्द मराठीत आला, तेव्हा मात्र त्याचा देवाशी असलेला संबंध सुटला आणि तो निष्ठेसाठी वापरला जाऊ लागला : ‘इमानी कुत्रा’, ‘बेइमान’, ‘इमानेइतबारे नोकरी केली’. ‘आस्था’चेही मला तसेच झालेले दिसते. दोन्ही शब्द मराठीत आल्यावर देव्हाऱ्यातून उठले आणि माणसामाणसांतल्या व्यवहारात येऊन बसले. मराठीचा हा स्वभावच असावा, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच ‘आस्था’ला पुन्हा देव्हाऱ्यात नेऊन बसवणे मला खटकते.

चित्ररसिक :
अनुवादिका, तुम्ही मांडलेल्या मुद्द्यामुळे माझे ‘आस्था’कडे झुकणे उलट वाढले आहे. जिजाईची तक्रार नेमकी तीच आहे. नवरा देवावर श्रद्धा ठेवतो, पण घरातल्या भुकेल्या पोरांविषयी त्याला आस्था नाही आणि त्याच्या देवालाही नाही. ती वहाण उगारते ती आस्थेची मागणी करण्यासाठी. तुमचा जुना मराठी अर्थ आणि वऱ्हाडी वाचक यांच्या आजीचा अर्थ, दोन्ही त्या एका प्रसंगात समोरासमोर उभे राहतात. शीर्षकात हाच शब्द ठेवला तर वाचक अडखळेल आणि विचार करील.

मूळाक्षर :
शीर्षकाने वाचकाला अडखळायला लावू नये. शिवाय तुम्ही ‘श्रद्धा’वर अन्याय करत आहात. ‘श्रत्’ आणि ‘धा’ मिळून झालेला हा शब्द आहे आणि त्यात काळीज एखाद्या ठिकाणी ठेवण्याची कल्पना आहे, असे व्युत्पत्तीचे अभ्यासक सांगतात. जिजाईने आपले काळीज तिच्या मुलांपाशी ठेवले आहे. मग ती श्रद्धावान का नाही?

वऱ्हाडी वाचक :
व्युत्पत्तीत काहीही असले तरी ‘श्रद्धा’ या शब्दाला महाराष्ट्रात आता ‘अंधश्रद्धे’ची सावली चिकटली आहे. चार दशके या जोडशब्दावर इतके वाद, मोर्चे आणि परिसंवाद झाले की नुसते ‘श्रद्धा’ म्हटले तरी ऐकणारा ‘डोळस की अंध?’ असे विचारतो. २०१३ च्या ज्या कायद्याला आपण सगळे बोलताना अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणतो, त्याच्या अधिकृत नावात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा हे शब्द आहेत, ‘अंधश्रद्धा’ नाही. कोणाची श्रद्धा अंध ठरवायची, हे कायद्याच्या भाषेलाही अवघड गेले. ‘देऊळ’विषयी लिहिताना तर हा शब्द हमखास घोळ करील. करडी गाय शोधायला गेलेल्या केशाला दत्ताचे दर्शन होते, आणि मग गावात दवाखान्याऐवजी देऊळ उभे राहते. यातली श्रद्धा कोणाची आणि धंदा कोणाचा, हे सांगण्यासाठीच तो चित्रपट आहे.

वसईकर :
तरीही ‘श्रद्धा’ हा केवळ पंडितांचा शब्द आहे, असे कोणी समजू नये. शिर्डीच्या ‘श्रद्धा आणि सबुरी’ने तो रिक्षाच्या मागच्या काचेपर्यंत नेला आहे, आणि तिथे तो ‘सबुरी’सारख्या अरबीतून आलेल्या शब्दाच्या मांडीला मांडी लावून बसला आहे.

अनुवादिका :
आपण सगळे एवढ्या लांब गेलो, पण वारकऱ्यांचा स्वतःचा शब्द कोणीच घेतला नाही. हरिपाठात ‘भावेंवीण भक्ति भक्तीवीण मुक्ति । बळेंवीण शक्ति बोलूं नये’ असे ज्ञानदेवांनी म्हटले आहे. तिथे ‘भाव’ हा भक्तीच्याही आधीचा, तिला आधार देणारा आहे. ‘देव भावाचा भुकेला’ हे तर घरोघरी बोलले जाते. केशाजवळ भाव आहे, देवळाच्या समितीजवळ नाही. जिजाईजवळ तर भाव आहेच आहे. ‘चित्रपट, पुरस्कार आणि भाव’ असे करून पाहा.

मूळाक्षर :
आशय उत्तम आहे, पण या शीर्षकात ‘पुरस्कार’ला लागून ‘भाव’ आला की बाजारभाव आठवतो. पुरस्कारांचा भाव, असेच वाचले जाईल.

आणि ‘पुरस्कार’ शब्द निघालाच आहे, तर माझी खरी हरकत त्यालाच आहे. मराठीत पुरस्कार म्हणजे एखाद्या मताचा पाठपुरावा. आगरकरांनी समाजसुधारणेचा पुरस्कार केला, असे आपण लिहितो आणि ‘पुरस्कर्ता’ म्हणजे पाठीराखा, बक्षीस देणारा नव्हे. बक्षिसासाठी आपल्याकडे ‘पारितोषिक’ हा समर्थ शब्द असताना तो शाळेच्या वार्षिक समारंभापुरता का उरावा? ‘नोबेल पारितोषिक’ म्हणताना कोणाची जीभ अडत नाही.

चित्ररसिक :
राष्ट्रीय पातळीवर ‘पुरस्कार’ इतका रुळला आहे की तो बदलला तर वाचकाला वेगळेच काही वाटेल. ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये, त्या सन्मानांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ‘देऊळ’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ एका दुसऱ्या चित्रपटासह विभागून मिळाले. या दोन्हींना मी सरसकट ‘राष्ट्रीय पुरस्कार’ म्हटले आहे आणि त्यात मला गैर वाटत नाही. ‘पुरस्’ म्हणजे पुढे आणि ‘कार’ म्हणजे करणे. विचार पुढे आणणे काय आणि चांगली कलाकृती लोकांपुढे आणणे काय, मूळ क्रिया एकच आहे.

वऱ्हाडी वाचक :
मूळ क्रिया एक असली तरी घोटाळा होतोच. ‘पुरस्कृत चित्रपट’ असे लिहिलेत तर बक्षीस मिळालेला की सरकारने पैसे पुरवलेला? वर्तमानपत्रांत ‘पुरस्कृत’ हा शब्द दहशतवादाला जोडूनही रोज येतो आणि तिथे त्याचा अर्थ ‘पाठबळ दिलेला’ असाच असतो. माहितीपत्रकात ‘पुरस्कारप्राप्त’ लिहा, हे मी आग्रहाने सांगेन.

अनुवादिका :
‘संत तुकाराम’च्या बाबतीत मात्र ‘पुरस्कारप्राप्त’ही जपून वापरावे लागेल. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली, असे आपण अभिमानाने सांगतो. ते सांगायलाच हवे, कारण भारतीय चित्रपटाला परदेशात मिळालेला तो फार मोठा मान होता. पण त्या वर्षी परदेशी चित्रपटासाठीचा मुख्य चषक एका फ्रेंच चित्रपटाकडे गेला होता. म्हणून ‘व्हेनिसमध्ये पहिले पारितोषिक’ असे जे अनेक ठिकाणी छापले जाते, ते टाळावे.

वसईकर :
मग ‘नावाजला गेला’ असे लिहावे. फारसीतल्या कृपा करण्याच्या, गौरवण्याच्या क्रियेवरून आलेले हे क्रियापद मराठीत पुरते मुरले आहे, त्यात चषक, पदक, प्रशस्तिपत्र सगळे सामावते आणि खोटा दावाही होत नाही. चित्ररसिक यांनी अगदी पहिल्या प्रतिसादात तिन्ही चित्रपटांसाठी नकळत तेच वापरले आहे.

मूळाक्षर :
‘नावाजणे’ मला अत्यंत प्रिय आहे. परंतु लोकांनी नावाजले आणि परीक्षकांनी नावाजले, यात फरक राहायला हवा. ‘आधी बीज एकले’ हे शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले गीत कितीतरी जणांनी तुकोबांचा अभंग म्हणून मनात जपले आहे. लोकांनी नावाजणे म्हणजे ते. व्हेनिसच्या परीक्षकांसाठी मी ‘गौरवोल्लेख’ सुचवतो.

वऱ्हाडी वाचक :
‘गौरवोल्लेख’ हा शब्द कार्यालयीन टिपणीतला आहे. तो वाचून चित्रपट पाहायला कोणी येणार नाही. ‘व्हेनिसच्या महोत्सवात मानाचे स्थान मिळाले’ असे साधे वाक्य लिहावे.

चित्ररसिक :
‘मानाचे स्थान’ स्वीकारतो. पत्रक छपाईला जाण्यापूर्वी शीर्षकाचा निर्णय व्हायचा आहे. मंडळाच्या बैठकीत मी ‘आस्था’ आणि ‘भाव’ हे दोन्ही पर्याय ठेवणार आहे, आणि ज्येष्ठ सदस्य ‘श्रद्धा’वर ठाम आहेत. ‘विश्वास’च्या बाजूने वसईकरताईंनी आणखी उदाहरणे दिली, तर तीही बैठकीत वाचून दाखवीन.

मूळाक्षर :
‘मानाचे स्थान’ चालेल. त्याच ओळीत ‘पुरस्कार’ऐवजी ‘पारितोषिक’ करता येते का, तेवढे बैठकीत विचारावे.