मदत हवी आहे : टॉर्च नसताना अंधारात अडकलो तर थांबायचं की चालत राहायचं? (सोबत वडील)

ओलीमाती :

नमस्कार मंडळी,

अलीकडेच डोंगरावरून उतरताना मी, धाकटा भाऊ आणि बाबा अंधारात अडकलो. बाबांचं वय ६३, तब्येत ठणठणीत, चालण्यात आम्हा दोघांना मागे टाकतील असे. चांगली टॉर्च बरोबर होती, पण दुपारच्या पावसात तिच्यात पाणी शिरलं आणि ऐन वेळी ती पेटेना. भावाचा फोन बंद पडलेला, माझ्या फोनचं चार्जिंग अगदी तळाला. झाडीतून बाहेर पडायच्या आतच मिट्ट काळोख झाला.

खाली सुखरूप पोहोचलो, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण उतरताना जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये. भावाला आणि मला वाट पुसट का होईना, दिसत होती. माणसांच्या पायांनी गवत झिजून उघडी पडलेली माती कडेच्या झाडोऱ्यापेक्षा जराशी उजळ वाटायची. बाबांना तेही दिसत नव्हतं. प्रत्येक टप्प्याआधी ते बुटाची कड दगडावर घासून बघायचे, मग टाच टेकवायचे आणि मग कुठे त्या पायावर भार टाकायचे. नुसती सावली असेल तिथे त्यांना खड्डा वाटायचा, आणि खरोखर उतार असेल तिथे पाऊल बिनधास्त पडायचं. मी मध्येमध्ये फोनचा उजेड पाडत होते. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पण बंद केला की तिघांनाही काही दिसेना, बाबांना तर कितीतरी वेळ.

जाणकारांनी कृपया सांगा. अशा वेळी जागच्या जागी थांबणं बरं की सावकाश चालत राहणं? चालायचंच झालं तर ज्याला कमी दिसतं त्याला नेमकं कसं न्यायचं? आणि बाबांना आमच्यापेक्षा इतकं कमी दिसणं हे वयाचं म्हणून सोडून द्यायचं का? ‘टॉर्च दोन ठेवा’ हे आता कळलंय, त्यामुळे त्यापलीकडचं काही असेल तर हवंय.

रातवा :

ओलीमाती, रात्रीच्या वाटा बऱ्याच तुडवल्या आहेत, त्यावरून सांगतो.

आधी थांबायचं. कायमचं नाही, डोळे तयार होईपर्यंत. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भर उजेडात काम करतात, रंग आणि बारीक तपशील दाखवतात. दंडपेशी अंधुक उजेडासाठी असतात. काळोखात गेल्यावर शंकूपेशी ५ ते १० मिनिटांत त्यांच्या परीने जितकं दाखवायचं तितकं दाखवू लागतात. दंडपेशींना मात्र २० ते ३० मिनिटं लागतात, कारण त्यांच्यातलं रोडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उजेडाने फिकं पडलेलं असतं आणि ते पुन्हा भरून यायला वेळ लागतो. तुम्ही फोन पेटवलात की ते परत फिकं पडणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाबांचं तेच होत होतं.

दुसरं म्हणजे, अंधारात जी वस्तू बघायची तिच्यावर थेट नजर रोखू नका. नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, त्या सगळ्यात दाट असतात मध्यापासून साधारण १५ ते २० अंश बाजूला. म्हणून पायरी बघायची तर तिच्या जरा कडेला बघायचं, म्हणजे ती दिसते. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण लवकर जमतं.

समोरून कुणी उजेड घेऊन आलं तर एक डोळा गच्च मिटून घ्या. तो उजेड निघून गेला की मिटलेला डोळा अजून अंधाराला सरावलेलाच असतो.

कडेकपारी :

रातवा यांचं बरोबर आहे, पण एक गोष्ट ठासून सांगतो, नाहीतर लोक फोन खिशात ठेवून दरीच्या काठाने चालतील. फोनचं चार्जिंग उरलेल्या पूर्ण वाटेला पुरणार असेल तर खुशाल उजेड लावा आणि तो लावूनच ठेवा. डोळे सरावायचा विचार तेव्हा नको. नुकसान होतं ते लाव-बंद, लाव-बंद करण्याने. आणि चार्जिंग पुरणारच नसेल तर उजेड फक्त निसटत्या जागांसाठी राखून ठेवा. तिथे पेटवा, सगळे पलीकडे गेले की विझवा आणि पुन्हा दिसू लागेपर्यंत हलू नका.

उजेड गुडघ्याच्या उंचीवर धरा. डोळ्यांच्या रेषेतून टाकलेल्या उजेडात दगडाची सावली दगडामागेच लपते आणि जमीन सपाट भासते. खालून आडवा टाकला की प्रत्येक खडा आणि खाच सावलीसकट उठून दिसते. तुमच्या बाबांना खड्डा आणि सावलीतला फरक कळत नव्हता ना, त्यांना याचा फार उपयोग होईल.

कमी दिसणाऱ्याला नेताना त्याचा हात धरून ओढायचं नाही. नेणाऱ्याने अर्धं पाऊल पुढे राहायचं आणि मागच्याने त्याचा दंड कोपराच्या जरा वर धरायचा. दृष्टिहीन व्यक्तीला अशीच सोबत करतात. पुढचा माणूस खाली उतरला की ते मागच्याला हातातूनच कळतं. वाट एकट्यापुरतीच असेल तर पुढच्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरू द्या, किंवा एक काठी दोघांनी दोन टोकांना धरा. पिशवीवर पांढरा रुमाल बांधा, अंधारात शेवटपर्यंत दिसत राहतं ते पांढरंच. आणि पुढच्याने तोंडाने सांगत राहायचं : पायरी, मोठी पायरी, डावीकडे मूळ, सपाट. ‘सपाट’ हे सांगायला बहुतेक जण विसरतात. ते ऐकलं की मागचा माणूस श्वास सोडतो.

ओलीमाती :

गुडघ्याच्या उंचीचं लक्षातच आलं नव्हतं. मी फोन डोक्याच्या वर धरून होते, जास्त लांबवर उजेड जावा म्हणून!

एक अडचण आहे. बाबा थांबायला तयारच होत नाहीत. ‘थांबलं की जास्त भीती वाटते, चालत राहिलो की बरं’ असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी वाट चुकल्यासारखी वाटली तेव्हाही ते ‘सरळ खाली गेलं की झालं’ म्हणत होते. त्यांना काय सांगू?

मोजपट्टी :

ताई, ‘सरळ’ जाताच येत नाही हे त्यांना सांगा. जर्मनीत ट्यूबिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला होता, २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात ती गोल फिरून आपल्याच वाटेवर आली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. वाळवंटात एक जण रात्री चालला, तो चंद्र ढगाआड जाईपर्यंतच सरळ गेला. डोळे बांधून चालवलेली माणसं तर कधीकधी २० मीटरहूनही लहान वर्तुळात फिरली. पाय वाकडे पडतायत हे चालणाऱ्याला जाणवतच नाही.

म्हणून माझा नियम असा. पायाखाली खात्रीची वाट आहे तोवर सावकाश चाला. वाट सुटली अशी शंका आली की त्याच जागी थांबा, आणि खाली-खाली तर मुळीच जाऊ नका. उतार धरून गेलेला माणूस बहुतेक वेळा ओढ्यात किंवा कड्याच्या तोंडाशी येतो.

चंद्र कधी उगवणार हे निघण्याआधी बघून ठेवा. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. कृष्ण अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास येतो, आणि त्या अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, साधारण दहावा हिस्सा असतो. तासाभरात पौर्णिमेचा चंद्र वर येणार असेल तर थांबण्यासारखं शहाणपण नाही. अमावास्येच्या आसपास असाल आणि वर दाट झाडी असेल तर कितीही थांबलात तरी फारसा फरक पडणार नाही.

रातवा :

बाबांच्या भीतीबद्दल. थांबल्यावर हाताला काम नसलं की भीती वाढते. म्हणून त्यांना काम द्या. बसायची जागा त्यांनी हाताने चाचपून ठरवायची, पिशव्या खाली घालायच्या, ओले कपडे बदलून कोरडे चढवायचे, सगळ्यांनी पाणी प्यायलंय का ते बघायचं. थेट जमिनीवर बसू नका, थंडी खालून चढते. वाऱ्याला पाठ द्या. अंधारात एखाद्या दूरच्या दिव्याकडे टक लावून पाहिलं तर तो स्थिर असूनही हलल्यासारखा दिसतो. त्यावरून कुणीतरी येतंय असं समजून उठून चालायला लागू नका.

थांबायचं ठरलं की उरलेल्या चार्जिंगमधून पहिलं काम म्हणजे घरच्यांना मेसेज : कुठे आहोत, किती जण, काय ठरवलंय. कॉल लागत नाही तिथेही कधीकधी मेसेज जातो. आपल्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल तर आपत्कालीन कॉल लागू शकतो, तेव्हा प्रयत्न सोडू नका. शिट्टी असेल तर मिनिटाला ६ वेळा, म्हणजे दर १० सेकंदांनी एकदा वाजवा, मग एक मिनिट गप्प, मग पुन्हा. ही डोंगरातली मान्य खूण आहे. उत्तर मिनिटाला ३ वेळा येतं.

डोळस :

मी नेत्रतज्ज्ञ आहे. इथे न तपासता निदान करणार नाही, पण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं.

काही भाग वयाचा आहे. विशीत अंधारात बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत साधारण ५ पर्यंतच. म्हणजे डोळ्यात शिरणारा उजेड जवळपास निम्मा झाला. त्यात भिंगही वयाने पिवळसर होतं आणि दंडपेशींना सरावायला लागणारा वेळ वाढतो. तेव्हा तुम्ही १५ मिनिटांत तयार झालात तरी बाबा तयार झालेत असं धरू नका. चालायचं कधी, हे सगळ्यात उशिरा दिसू लागणाऱ्याने ठरवावं.

पण ‘वयाचं आहे’ म्हणून सोडू नका. मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचे आजार, जीवनसत्त्व ‘अ’ची कमतरता, यांत रात्रीचं कमी दिसू शकतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा पडद्याचा आजार आनुवंशिक असतो, त्यात बहुधा आधी रात्रीचं दिसणं कमी होतं. म्हणून विचारते : घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? बाबांना हल्ली रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांचा जास्त त्रास होतो का? दारात, फर्निचरला कडेने धडकतात का? दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं का? हे शेवटचं माणसाला स्वतःला अनेकदा माहीत नसतं, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा भार घेतो.

ओलीमाती :

डोळस मॅडम, मनापासून आभार. तुमचं वाचून काल रात्री घरातले दिवे घालवून बाबांना गच्चीवर नेलं. खुर्च्या टाकून नुसते गप्पा मारत बसलो. मला आधी कठड्याची कड दिसू लागली, मग कुंड्यांच्या आकृत्या, मग त्यातल्या मोठ्या पानांच्या कडासुद्धा. बाबांना कठडा बराच उशिरा दिसला. मग एकेक डोळा हाताने झाकून बघा म्हटलं. उजव्या डोळ्याने त्यांनी कुंड्या मोजून दाखवल्या. डावा उघडा ठेवला तर म्हणाले, ‘धुरातून बघितल्यासारखं वाटतंय.’ आणि मग थोड्या वेळाने : ‘हे असं कधीपासून आहे गं?’ जणू ते मला ठाऊक असणार.

गाडीच्या दिव्यांचा त्रास होतो, हेही कबूल केलं. म्हणूनच हल्ली रात्री गाडी भावाला चालवायला देतात, आम्हाला वाटायचं हौसेने देतात. घरात आणखी कुणाला रातांधळेपणा असल्याचं त्यांना आठवत नाही. तपासणीची वेळ घेतली आहे. जाताना काय लक्षात ठेवायचं?

डोळस :

एकेक डोळा झाकून बघितलंत हे फार चांगलं केलंत. एका डोळ्याला धुरकट दिसणं आणि दिव्यांचा त्रास, यावरून मोतीबिंदूची शक्यता मनात येते आणि त्यावर उत्तम उपाय आहे. पण पडदा बघितल्याशिवाय काही धरून चालू नका.

जुना चष्मा, जुने कागद आणि चालू औषधांची यादी घेऊन जा. मधुमेह असेल किंवा कधी तपासलेला नसेल तर तेही सांगा. पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून बाबांनी स्वतः गाडी चालवायची नाही, गॉगल न्यायचा आणि कुणीतरी सोबत असायचं. आणि अचानक नजर गेली, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं झालं किंवा वीज चमकल्यासारखं दिसलं, तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

ओलीमाती :

तसं काही नाही, आत्ताच विचारून घेतलं. भाऊ सोबत जाणार आहे. तपासणीत काय निघालं ते याच धाग्यावर लिहीन. तोवर संध्याकाळच्या फिरण्यात बाबा माझा दंड धरून चालायची सवय करतायत, आणि मी ‘सपाट’ म्हणायची.